वीजमीटरची भाषा आणि घराचे आकलन

१. विषयप्रवेश

वीजमीटर हा अभियांत्रिकीच्या कक्षेतील विषय समजला जातो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याविषयी लिहावे याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या घरांच्या भिंतींवर जे ‘स्मार्ट’ मीटर बसविले जात आहेत, त्यांचे मुख्य वेगळेपण सांगण्याच्या क्रियेत आहे. जुना मीटरही मोजतच होता. नवा मीटर मोजलेले कळवितो, आणि दुरून दिलेली आज्ञा ऐकतोही. म्हणजेच मापनाचे हे साधन आता संप्रेषणाचे साधन झाले आहे. संदेश आला की त्याबरोबर संकेतव्यवस्था आली, संदेश घेणारा आला, आणि आकलनाचा प्रश्नही आला.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. या मीटरचे कार्य कसे चालते व त्यापासून घराला आणि विद्युत् जाळ्याला, म्हणजे ग्रिडला, कोणता लाभ होतो हे प्रथम स्पष्ट करावयाचे आहे. त्यानंतर या दोन लाभांमधील एका महत्त्वाच्या भेदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ग्रिडचा लाभ मीटर बसून त्याचे संदेश केंद्राकडे जाऊ लागताच बव्हंशी सिद्ध होतो. घराचा लाभ मात्र तेच संदेश घरातील माणसाला समजतील अशा रूपात पोचतील तरच सिद्ध होतो. हा भेद दुर्लक्षित राहिल्यामुळेच या विषयावरील सार्वजनिक चर्चेत एकीकडे स्तुती व दुसरीकडे संशय अशी दोन टोके निर्माण झाली आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२. जुन्या मीटरचे विधान

गॅलिलिओ फेरारिस या इटालियन शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व शोधून काढले. त्याच तत्त्वाच्या आधारे बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील अभियंता ओट्टो ब्लाथी याने १८८९ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहासाठी मीटर सिद्ध केला. काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्या फेऱ्या मोजणारी आकड्यांची चाके, हे त्याचे रूप पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. घरातील वापर वाढला की चकती जलद फिरे. म्हणूनच ‘मीटर पळतो’ हा मराठीतील प्रयोग मुळात अक्षरशः खरा होता.

या मीटरची मर्यादा त्याच्या अचूकतेपेक्षा त्याच्या मितभाषित्वात होती. महिन्यातून एकदा कर्मचारी येई आणि चाकांवरील आकडा टिपून नेई. मागील आकडा वजा केला की महिन्याचा वापर निघे. एक युनिट म्हणजे एक हजार वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालविण्यास लागणारी ऊर्जा. अशी इतकी युनिटे वापरली गेली, एवढे एकच विधान महिन्याकाठी हाती येई. ती केव्हा वापरली गेली हे त्यात नसे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर या विधानाला काळ नव्हता. पहाटेचे पाणी तापविणे, दुपारचा पंखा आणि रात्रीचा दिवा ही सर्व एका बेरजेत विरघळून जात. घराला कुलूप असले किंवा आकडा वाचता आला नाही तर तेवढेही विधान मिळत नसे, व ग्राहकाच्या हाती ‘सरासरी बिल’ पडे.

३. नव्या मीटरची रचना व संकेत

स्मार्ट मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो. विद्युत्दाब आणि प्रवाह यांचे नमुने तो प्रत्येक सेकंदात अनेकदा घेतो, त्यांच्या गुणाकारावरून शक्ती व तिच्या बेरजेवरून ऊर्जा काढतो. त्याच्या पोटात एक घड्याळ असते, स्मृती असते, संदेश पाठविणारा व घेणारा भाग असतो, आणि वीजपुरवठा जोडणारी-तोडणारी एक कळ असते. दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर तो वेळेच्या नोंदीसह साठवितो. ही माहिती रेडिओलहरींनी, मोबाइलच्या जाळ्यातून अथवा खुद्द वीजतारेतूनच वीजकंपनीच्या केंद्रीय संगणकाकडे जाते. पंधरा मिनिटांचा एक खंड धरला तर दिवसाचे ९६ खंड होतात. म्हणजे महिन्याला एक विधान करणारा मीटर आता दिवसाला ९६ विधाने करू लागला.

निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले मीटर एकाच संगणकाशी बोलू शकावेत यासाठी समान संकेत लागतो. भारतात स्मार्ट मीटरसाठी १६४४४ क्रमांकाचे, तर मीटरच्या माहिती-विनिमयासाठी १५९५९ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. हे दुसरे मानक ‘डीएलएमएस’ या आंतरराष्ट्रीय संकेतावर आधारलेले आहे. या आद्याक्षरांचा मूळ विस्तार ‘डिस्ट्रिब्यूशन लाइन मेसेज स्पेसिफिकेशन’ असा होता. पुढे तो ‘डिव्हाइस लँग्वेज मेसेज स्पेसिफिकेशन’ असा करण्यात आला. वितरणवाहिनीच्या जागी उपकरणाची भाषा आली, ही गोष्ट आपल्या विभागाच्या वाचकांस रोचक वाटेल.

या संकेतात प्रत्येक राशीला सहा स्थानांचा क्रमांक असतो आणि प्रत्येक स्थानाला ठराविक अर्थ असतो. उदाहरणार्थ, १.०.१.८.०.२५५ हा क्रमांक घ्या. पहिल्या स्थानातील १ म्हणजे ‘वीज’ (वायू वा पाणी नव्हे). दुसरे स्थान वाहिनीचे. तिसऱ्या स्थानातील १ म्हणजे ‘घराने घेतलेली सक्रिय शक्ती’. चौथ्यातील ८ म्हणजे ‘कालानुसार केलेली बेरीज’, अर्थात् ऊर्जा. पाचव्यातील शून्य म्हणजे सर्व दरांची मिळून एकूण संख्या, आणि शेवटचा २५५ हा आकडा चालू मूल्य दर्शवितो. आता केवळ तिसरे स्थान बदलून १.०.२.८.०.२५५ असे लिहिले की अर्थ उलटतो: घराने ग्रिडला दिलेली ऊर्जा. ज्यांच्या छपरावर सौरपट्टे आहेत त्यांच्या देयकाचा सर्व हिशेब या दोन क्रमांकांतील भेदावर उभा आहे. एका घटकाच्या बदलाने अर्थभेद घडविणाऱ्या न्यूनतम युग्माचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. प्रत्येक स्थानाचा अर्थ निश्चित आणि संदिग्धतेला वाव नाही. यंत्राने यंत्राशी बोलावयाचे असेल तर भाषा अशीच हवी.

४. ग्रिडला होणारा लाभ

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे खर्चाचे असल्यामुळे निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. हा मेळ ग्रिडच्या वारंवारतेत दिसतो. भारतात ती ५० हर्ट्झच्या निकट राखली जाते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता उतरते. देशात कोणत्या केंद्राने किती वीज द्यावयाची याचे वेळापत्रकही पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांतच आखले जाते. तेव्हा मीटरने त्याच खंडांनुसार मागणी कळविली, तर उद्याच्या मागणीचा अंदाज अधिक सूक्ष्म होतो व ऐनवेळी महाग वीज विकत घेण्याचे प्रसंग कमी होतात. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटपर्यंत पोचली होती. अशा काही तासांच्या शिखरासाठीच वीजकेंद्रे, तारा आणि रोहित्रे वर्षभर सज्ज ठेवावी लागतात, आणि त्यांचा खर्च सर्वांच्या बिलात विभागला जातो.

शिखर सपाट करण्याचा लाभ एका साध्या हिशेबाने कळेल. तारेतील उष्णतारूप हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एखाद्या तारेतून एक तास १०० अँपिअर प्रवाह नेला आणि पुढचा तास ती रिकामी ठेवली, तर हानी १०,००० या संख्येच्या प्रमाणात होईल. तीच ऊर्जा ५० अँपिअरने दोन तासांत नेली, तर ती २,५०० च्या दुपटीच्या, म्हणजे ५,००० च्या प्रमाणात होईल. पोचविलेली वीज तेवढीच, हानी मात्र निम्मी. रोहित्राची गोष्टही अशीच. शंभर केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावरील साठ घरांनी दोन हजार वॉटचे गीझर एकाच वेळी लावले तर भार १२० किलोवॉट होऊन रोहित्राची क्षमता ओलांडली जाते. निम्म्या घरांनी ते तासभर उशिरा लावले तर भार ६० किलोवॉटवर येतो.

दुसरा लाभ हानीचे स्थान कळण्याचा. रोहित्रावर एक मीटर आणि त्याखालील प्रत्येक घरी एक मीटर असेल, व सर्वांचे घड्याळ एकच असेल, तर दिलेली वीज आणि नोंदलेली वीज यांतील अंतर त्या रोहित्रापुरते काढता येते. तार जुनी आहे, मीटर बिघडला आहे, की कोणी आकडा टाकला आहे, याचा शोध मग एका गल्लीपुरता मर्यादित होतो. देशातील वितरणाची एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी २०२०-२१ मध्ये सुमारे २२ टक्के होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळेल. २०२१ मध्ये केंद्र शासनाने सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर करून २५ कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

तिसरा लाभ बिघाडाच्या सूचनेचा. पुरवठा बंद पडताच, शिल्लक राहिलेल्या अल्पशा ऊर्जेवर मीटर ‘येथील वीज गेली’ असा अखेरचा निरोप पाठवू शकतो. कोणत्या मीटरांकडून असे निरोप आले हे पाहून दोष वाहिनीत आहे की एखाद्या रोहित्रात, याचा तर्क तक्रार येण्यापूर्वीच करता येतो.

५. घराला होणारा लाभ

घराचा पहिला लाभ म्हणजे बिल प्रत्यक्ष नोंदीवरून येते. सरासरीच्या बिलाचे कारण उरत नाही. दुसरा लाभ वेळेनुसार दराचा. दुपारी सौर वीज विपुल व स्वस्त असते. सूर्यास्तानंतर ती थांबते आणि नेमक्या त्याच वेळी घरांची मागणी चढते. म्हणून २०२३ मध्ये केंद्र शासनाने वीजग्राहक-हक्क नियमांत दुरुस्ती करून अशी तरतूद केली की, सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा. तसेच कमाल मागणीच्या तासांतील दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी सामान्य दराच्या किमान १.२ पट, तर इतरांसाठी किमान १.१ पट असावा. शेतीपंपांना यातून वगळले आहे. महाराष्ट्रात महावितरणने १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत जाहीर केली. विधानाला काळ नसलेल्या जुन्या मीटरवर अशी सवलत देताच आली नसती.

या लाभाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धुलाईयंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे दुपारकडे सरकविता येतात. रात्रीचा पंखा व स्वयंपाकघरातील दिवा सरकविता येत नाहीत. महिन्याला ४० युनिटे दुपारकडे नेणाऱ्या घराची बचत ८० पैशांच्या हिशेबाने ३२ रुपये होईल. दिवसभर घरी माणूस असलेल्या कुटुंबाला ही सवलत घेता येईल. पतिपत्नी दोघेही नोकरीवर जात असलेल्या कुटुंबाला तितकीशी घेता येणार नाही.

तिसरा लाभ ज्ञानाचा आहे आणि तोच सर्वांत मोठा होऊ शकतो. रात्री सारे निजलेले असताना घर किती वीज घेते, हे खंडांच्या नोंदीवरून दिसते. दहा वॉट घेणारे एखादे उपकरण चोवीस तास चालू राहिले तर महिन्याला ७.२ युनिटे खाते, ही गोष्ट मासिक बेरजेत कधीच दिसली नसती. आता ती दिसू शकते. प्रश्न एवढाच की कोणाला?

६. घराची परिभाषा

मराठीत ‘वीज’ हा शब्द ‘विद्युत्’ पासून प्राकृतातील ‘विज्जु’ या रूपाच्या द्वारे आला आहे. परंतु बोलण्यात आपण ‘लाइट गेली’, ‘लाइट बिल आले’ असेच म्हणतो. घरात वीज प्रथम आली ती दिव्यासाठी, आणि अंशावरून अंशीला नाव पडले. ही लक्षणा निरुपद्रवी नाही. जिला आपण ‘लाइट’ म्हणतो तिची बचत करावयाची म्हणजे दिवे मालवावयाचे, हा तर्क शब्दातूनच सुचतो. वस्तुतः नऊ वॉटचा एलईडी दिवा पाच तास लावला तर ०.०४५ युनिट लागते. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला तर पूर्ण एक युनिट लागते. तेवढ्या विजेवर तोच दिवा रोज पाच तास याप्रमाणे बावीस दिवस जळेल. व्हरांड्यातील दिव्यासाठी मुलांना बोलणारे आणि गीझर चालू ठेवून बाहेर जाणारे घर अविचारी नव्हे. त्याला मिळालेली शब्दसंपत्तीच दिव्याची आहे.

१९८२ मध्ये विलेट केम्प्टन व लॉरा मॉन्टगोमेरी यांनी अमेरिकेतील कुटुंबांचा अभ्यास करून दाखविले की, सामान्य माणसे ऊर्जा तज्ज्ञांच्या एककांत मोजत नाहीत. ती पैशांत व आपल्या व्यवहारातील मापांत मोजतात. ऑक्सफर्ड येथील सारा डार्बी यांनी २००६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे समीक्षण केले. वापराची माहिती घरातच, तत्काळ दिसत असेल तर ५ ते १५ टक्के बचत होते, आणि प्रक्रिया होऊन बिलातून मागाहून मिळत असेल तर शून्य ते १० टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे मोजमाप तेच असूनही ते कोणत्या रूपात व केव्हा सांगितले यावर लाभ अवलंबून असतो.

या दृष्टीने आपल्या बिलाकडे पाहावे. ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’, ‘मंजूर भार’ ही परिभाषा शास्त्रशुद्ध आहे. परंतु पाणी तापविण्यास किती पैसे पडले या घराच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. मीटरच्या पडद्यावर क्रमाने सरकणाऱ्या संख्या तर बहुतेकांस मूकच असतात. यंत्रांच्या परस्परसंवादासाठी स्वतंत्र मानक निर्माण झाले. मीटर आणि गृहिणी यांच्या संवादासाठी तितक्याच काळजीने काही रचले गेल्याचे दिसत नाही.

७. संशयाची कारणे

जेथे संदेश पोचत नाही तेथे अर्थ ऐकणारा आपल्या परीने भरतो. नवा मीटर ‘पळतो’ ही तक्रार अशीच पाहिली पाहिजे. जुन्या चकतीचा मीटर घर्षणामुळे कालांतराने मंदावतो व अत्यल्प प्रवाहाला दादही देत नाही. नवा मीटर तो प्रवाहही नोंदतो. त्यामुळे दोष नसतानाही आकडा वाढू शकतो. तसेच एखादा मीटर खरोखर सदोषही असू शकतो. दोहोंतील निवाडा अनुभवाने व्हावा म्हणून फेब्रुवारी २०२४ मधील नियमदुरुस्तीने, ग्राहकाने तक्रार केल्यास पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवून किमान तीन महिने तुलना करण्याचे बंधन वीजकंपनीवर घातले. याचप्रमाणे २०२३ च्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटरने दाखविलेल्या कमाल मागणीच्या आधारे तो बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही. हे दोन्ही हक्क किती ग्राहकांस त्यांच्या भाषेत सांगितले गेले, हा प्रश्न उरतोच.

पूर्वभरणा, म्हणजे प्रीपेड पद्धती, हे संशयाचे दुसरे कारण. महाराष्ट्रात तिला विरोध झाल्यावर, सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसविणार नाही असे राज्य शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले. यातील एक मुद्दा भाषाविज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. प्रीपेड मीटर शिल्लक संपताच आपणहून वीज तोडू शकतो. तेव्हा शिल्लक कमी झाल्याचा मोबाइलवरील त्रोटक संदेश ही ‘सूचना’ होय काय? ज्याला तो वाचता आला नाही, किंवा ज्या घरी मोबाइल कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो, तेथे ‘सूचित करणे’ ही उक्तिक्रिया पूर्ण झाली असे म्हणावे काय? वायरमन दारात येई तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलता येत, मुदत मागता येई. दुरून चालणाऱ्या कळेशी असे बोलता येत नाही.

तिसरे कारण खाजगीपणाचे. दर पंधरा मिनिटांची नोंद घर केव्हा उठते, केव्हा निजते आणि केव्हा रिकामे असते हे सांगते. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करणारे विधेयक २००९ मध्ये तेथील वरिष्ठ सभागृहाने प्रामुख्याने याच कारणाने अडविले, व पुढे नकाराचा अधिकार ग्राहकास देण्यात आला. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. मीटरची नोंद ही त्या घराची वैयक्तिक माहिती होय, हे तत्त्व व्यवहारात दृढ होणे इष्ट आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून स्मार्ट मीटर त्याज्य ठरत नाही. उलट त्याच्या लाभाचा दुसरा अर्धा भाग अजून मिळवावयाचा आहे, असे दिसून येते. हे काम केवळ अभियंत्यांचे नव्हे. ‘काल सकाळी सहा ते सात या तासात तुमच्या घरी दिवसभराच्या विजेपैकी तिसरा हिस्सा वापरला गेला, हे काम नऊनंतर केल्यास सवलत मिळेल’ अशा प्रकारचे वाक्य आणि ‘खंड २५ ते २८ : २.१’ अशी नोंद, यांत माहिती जवळजवळ एकच आहे. परंतु पहिल्यावर घर काही निर्णय घेऊ शकते. असे संदेश कोणत्या शब्दांत, रुपयांत की युनिटांत, लेखी की ध्वनिरूपात द्यावेत. कोकणातील, मराठवाड्यातील व विदर्भातील ग्राहकांस त्यांतील कोणते शब्द अडतात. वाचता न येणाऱ्या वृद्धेला ते कसे पोचवावेत, हे क्षेत्रीय अभ्यासाने ठरविण्याजोगे प्रश्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील वीस घरांची बिले समोर ठेवून, त्यांतील कोणती पदे घरातील कोणाला कळतात एवढे जरी नोंदविले, तरी या अभ्यासाला आरंभ होईल.